धुतलेल्या बाटल्या

कचऱ्याची गाडी आली, बाकीचे डबे रिकामे करून गेली आणि कागदाचा निळा डबा मात्र फाटकापाशी तसाच ठेवून गेली. झाकणावर कचरा न स्वीकारल्याची लाल पट्टी चिकटवलेली होती. ही बातमी वर पोचली तेव्हा कचराकाकांची दाढी अर्धीच झाली होती. उरलेल्या गालावरचा फेस टॉवेलने पुसत ते जिने उतरले, आणि हातातली सुई बाहीत खोचून त्यांची बायकोही मागोमाग उतरली.

कचराकाका हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलं होतं आणि काकांना ते मनापासून आवडायचं. जन्मभर ते एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. तिथे केसाएवढी चूक झाली की अख्खा गठ्ठा वाया जायचा, त्यामुळे नीटनेटकेपणा त्यांच्या अंगात मुरलेला होता. निवृत्त झाल्यावर घरात करमेना. बायको दिवसभर शिवणाच्या मशीनवर, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. जिन्याखाली तेव्हा नुसता उकिरडा होता. काकांनी तो स्वतःच्या हातांनी उपसला, भिंत रंगवली, चार डबे मांडले आणि दारोदार जाऊन लोकांना शिकवलं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तो तुकडा हरवतो. पिशवी धुऊन उलटी टांगायची. खोकी फोडून सपाट करायची. तेलाचा डाग पडलेला कागद म्हणजे कागद नव्हे. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळायची, दोरीने बांधायची, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असं लिहायचं आणि काच-पत्र्याच्या करड्या डब्याच्या शेजारी ठेवायची. आत टाकायची नाही. लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पाठीमागे चेष्टा केली, पण काका काही पिच्छा सोडेनात, तेव्हा निमूटपणे शिकले. गाडीवर डबे उचलणारा माणूस, ज्याला सगळे दादा म्हणायचे, तो काकांना म्हणायचा की तुमच्या बिल्डिंगपाशी आलं की जरा श्वास घेता येतो.

आणि त्याच बिल्डिंगच्या डब्याला लाल पट्टी.

काकांनी झाकण उघडलं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर तेलाची अर्धी भरलेली बाटली आडवी पडली होती आणि सगळा कागद तळापर्यंत तेलाने निथळत होता. खाली जमलेल्या मंडळींत सेक्रेटरी होते, पहिल्या मजल्यावरच्या दोघी बहिणी होत्या, आणि तळमजल्यावर नुकतीच राहायला आलेली नर्स होती. तिचा नवरा बस चालवायचा. भाड्याने राहणारं बिल्डिंगमधलं ते एकच घर.

काकांनी सरळ चौकशीच मांडली. कोणाकडे हे तेल येतं, काल कोण कधी खाली आलं होतं, एकेकाला विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की जुन्या लोकांकडून असं होणं शक्य नाही, आणि बोलताना त्यांची नजर कुठे गेली ते सगळ्यांनी पाहिलं. नर्सने आपल्याकडे हे तेल येत नाही एवढंच सांगितलं. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

काकू मागे जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. बाटलीच्या मानेला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे होते. तेल ओघळू नये म्हणून ते त्यांनी स्वतःच गुंडाळले होते, रिळाचा उरलेला दोरा वापरून. काल संध्याकाळी काका म्हणाले होते, “थांब, मी खाली जाऊन येतो,” आणि हातात काहीतरी घेऊन गेले होते. ते ‘काहीतरी’ हेच होतं. पण नवरा चारचौघांत ताठ मानेने उभा होता, दाढी अर्धी, गाल लाल, आणि गुन्हेगार शोधत होता. त्या माणसाला तिथे कसं सांगायचं? काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही. सगळे पांगल्यावर त्यांनी बाटली उचलली, दोरा सोडवला आणि चुरगळून खिशात घातला.

एकदा होतं माणसाच्या हातून, असं त्यांनी मनाला समजावलं. पण त्या दिवसापासून त्यांचं लक्ष खालच्या डब्यांकडे जाऊ लागलं. दुपारी जेवून काका झोपले की त्या पायांचा आवाज न करता जिन्याखाली यायच्या, हातमोजे चढवायच्या आणि डबे उपसायच्या. जे सापडायचं ते पाहून त्यांना रडावं की काय करावं कळायचं नाही. कारण काकांनी टाकलेली प्रत्येक वस्तू अगदी व्यवस्थित तयार केलेली असायची. बरणी लखलखीत धुतलेली, लेबल भिजवून काढलेलं, गोंदाचा डागसुद्धा नखाने खरवडलेला. आणि मग ती बरणी ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांवर ठेवलेली. सपाट केलेलं खोकं पत्र्याच्या डब्यांत. टोकांना पट्ट्या लावलेले सेल दुधाच्या पिशवीत बांधून कागदात. एकदा पिवळ्या डब्यात काकांचा स्वतःचा चष्मा सापडला. धुतलेला, पुसलेला, काड्या मिटलेला. घरी ते चष्म्यासाठी सकाळपासून कपाटं उलथीपालथी करत होते. काकूंनी तो उशीखाली सरकवला आणि संध्याकाळी सापडल्याचं नाटक केलं.

त्या भराभर सगळं जागच्या जागी लावायच्या. वर येऊन हात धुवायच्या, पुन्हा मशीनवर बसायच्या. काका उठून चहा मागायचे आणि म्हणायचे की बघ, बिल्डिंग पुन्हा वळणावर आली की नाही.

एकदा त्यांनी घरातच विचारून पाहिलं. हातात दह्याचा रिकामा डबा होता. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “अहो, हा कुठे टाकायचा हो?”

काकांनी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हसले. “इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हे विचारतेस?” म्हणाले आणि डबा हातातून घेऊन नळाखाली धरला. धुतला, पुसला, पुन्हा धुतला. बराच वेळ नळ चालू होता. मग तो डबा त्यांनी चपलांच्या कपाटात ठेवला.

मुलगी फोनवर विचारायची की बाबा कसे आहेत, आणि काकू फोन त्यांच्याच हातात द्यायच्या. फोनवर काका झकास बोलायचे. छापखान्यातले किस्से, मालकाची फजिती, सगळं ठासून सांगायचे. मुलगी पोट धरून हसायची. मग फोन परत काकूंकडे आला की त्या म्हणायच्या, ठीक आहेत गं, वय झालं, दुसरं काय. खोटंही नव्हतं ते. अर्धं होतं.

नर्सने त्यांना जिन्याखाली गाठलं ते अशाच एका दुपारी. रात्रपाळी करून ती उशिरा झोपायची आणि तिची खिडकी नेमकी डब्यांच्या बाजूला होती. हातमोजे घातलेल्या काकू जागच्या जागी थबकल्या. नर्स जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “काकू, मला माहीत आहे. बाटलीचंही माहीत होतं. आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात. काकांना दाखवून घ्या एकदा, लवकर दाखवलेलं बरं.”

काकूंना वास्तविक तिचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. झालं उलटंच. आपलं गुपित एका परक्या पोरीच्या हाती लागलं, याचा त्यांना इतका राग आला की त्या फाडकन म्हणाल्या, तुम्ही तुमच्या घरापुरतं बघा. नर्स मान हलवून आत गेली. काकूंनी पुढे कित्येक दिवस तिच्या खिडकीकडे पाहणं टाळलं. रात्री आडवं पडलं की मात्र तिचं ते ‘लवकर’ कानात वाजत राहायचं. उद्या नेऊ, या ऑर्डरी संपल्या की नेऊ, असं करत त्या दिवस ढकलत राहिल्या.

शाळांचे गणवेश शिवायचे दिवस आले तसं काकूंना मान वर करायला फुरसत मिळेना. घरभर निळ्या कापडाचे तुकडे आणि खाकी कागदाचे आराखडे पसरलेले. त्यातच काकांच्या हातून कढईचं काचेचं झाकण पडलं आणि फुटलं. काकू उठणार, तोच ते म्हणाले की तू बस, तुझं काम कर, काच बांधायला मला कोणी शिकवायला नको. खरोखरच त्यांनी एकेक तुकडा वेचला, ओल्या फडक्याने फरशी टिपून घेतली, कागद शोधला, घड्या घालून सुबक पुडकं केलं. छापखान्यात पार्सलं बांधायचे तसं, कोपरे दुमडून. काकूंनी मशीनवरून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. हात अजून सगळं जाणतात, असं वाटलं. काका पुडकं घेऊन खाली गेले. त्या दिवशी दुपारी काकू खाली गेल्या नाहीत. गणवेश द्यायचे होते हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, निदान एक दिवस तरी या माणसावर विश्वास टाकावा असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा खालून एक ओरडण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. काकूंनी खिडकीतून पाहिलं. दादा निळ्या डब्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. गच्च भरलेला कागद उचलण्याआधी तो नेहमी हाताने दाबून बसवायचा. फाटक्या हातमोज्यातून रक्त मनगटावर आणि तिथून फरशीवर येत होतं. नर्स घरातल्या कपड्यांतच धावत आली होती. टॉवेल घट्ट आवळून, त्याचा हात डोक्याच्या वर धरून ती त्याला सांगत होती की बोटं हलवून दाखवा. अंगठा हलला. मधली दोन बोटं हलली नाहीत.

काकू खाली पोचल्या तोवर नर्सच्या नवऱ्याने रिक्षा आणली होती आणि दादाला घेऊन ती दोघं गेलीही. डब्यापाशी सेक्रेटरी आणि आणखी चारजण उभे. पुडकं फुटून पडलं होतं. बाहेरून नुसता कागद, म्हणून कागदात टाकलेलं. वर काहीही लिहिलेलं नव्हतं. खाकी कागदावर पेन्सिलने काढलेला बाहीच्या मुंढ्याचा गोल दिसत होता आणि त्याखाली काकूंच्या अक्षरात माप. काकू खाली वाकल्या. लोकांना वाटलं, काच वेचतायत बिचाऱ्या. त्यांनी कागद काढून मुठीत दाबला. एक कपची तळव्यात रुतली तरी मूठ सोडली नाही.

सेक्रेटरींनी तेवढ्यातच तळमजल्यावरच्या घराच्या मालकाला फोन लावला होता. हे लोक आल्यापासून हा प्रकार सुरू झाला, तेव्हा तुम्ही तुमचं बघा, नाहीतर आम्हाला बघावं लागेल. घर रिकामं करून घ्यायला मालकाने फार आढेवेढे घेतले नाहीत म्हणे.

संध्याकाळी सगळे जिन्याखाली जमले. नर्स हॉस्पिटलमधून परतली होती, बाहीवर वाळलेलं रक्त. तिने सांगितलं की दोन बोटांच्या शिरा तुटल्या आहेत, टाके पडलेत, ऑपरेशन करावं लागेल, आणि पकड पूर्वीसारखी येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. कोणी तिला बस म्हणालं नाही. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली: माणुसकी, जबाबदारी, भाड्याने राहणाऱ्यांची बेफिकिरी. नर्सने एकदाच काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. नुसती दमलेली नजर होती.

काकूंनी मूठ उघडली आणि घरून आणलेला सकाळचा तो कागद सगळ्यांपुढे धरला. “हा माझ्या घरचा कागद आहे. काच आमच्याकडची आहे. तेलाची बाटलीही आमचीच होती. यांना… यांना आता कळत नाही. मला माहीत होतं. मी झाकत होते.”

 दोघी बहिणींपैकी धाकटीने तोंडावर हात ठेवला. काका काकूंच्या शेजारीच उभे होते, पांढरा शर्ट, भांग पाडलेला. इतका वेळ ते लक्ष देऊन ऐकत होते. आता त्यांनी काकूंच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

“बरोबर बोलते आहे ही,” ते सेक्रेटरींना म्हणाले. “ज्याने हे केलं त्याला शोधून काढा. आणि सोडू नका. एका माणसाचा हात गेला म्हणजे काय.”

काकूंनी त्यांचा दंड धरला आणि वर नेलं. जिना चढताना ते दोनदा थांबून मागे वळले आणि हा माणूस कोण असेल, असं विचारत राहिले.

पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि या गोळ्यांनी बरं होणार नाही, फार तर वेग कमी होईल, हेही सांगितलं. आधी आणलं असतं तर, असं काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले की थोडा फरक पडला असता. थोडा म्हणजे किती, हे विचारण्याची हिंमत काकूंना झाली नाही. मुलगी आली, आठवडाभर राहिली, बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि गेली. तिलाही संसार होता, नोकरी होती.

नर्सने घर सोडलं. काकू तिच्याकडे गेल्या, हात जोडून म्हणाल्या की मी मालकाशी बोलते, आता सगळ्यांना खरं कळलंय. नर्स खोक्यांना दोरी बांधत होती. म्हणाली, “काकू, तुम्ही बोललात, ते मी विसरणार नाही. पण त्या तेलाच्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात, तेही विसरता येत नाही हो. इथे आता नको वाटतं.”  काकू दोरीचं टोक धरून उभ्या राहिल्या. नर्सने गाठ मारली.

दादाच्या घरी त्या दोनदा गेल्या. पहिल्यांदा त्याच्या बायकोने दार उघडलं आणि ते झोपलेत म्हणाली. दुसऱ्यांदा ती म्हणाली की बाहेर गेलेत. पण अर्धवट उघड्या दारातून काकूंना तो दिसत होता. पलंगावर बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. त्यानेही त्यांना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. काकूंनी आणलेली पिशवी उंबऱ्याशी ठेवली. दार बंद झालं तेव्हाही ती बाहेरच होती.

बिल्डिंगने चार डब्यांचा नाद सोडून दिला. सेक्रेटरी म्हणाले की आता जोखीम नको, सगळं एकत्रच टाकू, गाडीवाले बघतील काय ते. कोणी विरोध केला नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटलं. जिन्याखाली एक मोठा काळा डबा आला आणि काकांनी भिंतीवर रंगवलेली सूचनांची पाटी नव्या रंगाखाली झाकली गेली.

काकांना खाली जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम काकूंनी केला. दाराला वरची कडी. पण धुणं थांबलं नाही. बाटली रिकामी व्हायची खोटी, काका ती नळाखाली धरायचे. धुऊन, पुसून, उन्हात ठेवायचे. खाली न्यायच्या म्हणून त्या साठत राहिल्या. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्या, पलंगाखाली डबे, दोरीवर पिशव्यांची रांग. मग शिवणाच्या टेबलावरही बरण्या आल्या. काकूंनी एक जरी उचलली तरी काका अस्वस्थ व्हायचे, घरभर शोधत फिरायचे, जेवायचे नाहीत. काकूंनी हळूहळू काम घेणं बंद केलं. मशीनला जागाच उरली नव्हती. येणाऱ्या बायका दारातून आत डोकावायच्या, काचा चमकताना बघायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. तरी काकूंना वाटायचं, असू देत. हा माणूस यात रमतोय ना. एवढं तरी त्याच्याकडे राहू दे.

अख्खा हिवाळा काकू त्या बाटल्यांच्या राज्यात वावरल्या, चालताना कोपर सांभाळत. मग एकदा त्या अडखळून पडल्या, गुडघा फुटला, आणि मुलगी फोनवर चिडून म्हणाली की आई, पुरे झालं, सगळं फेकून दे. काका दुपारी झोपले असताना काकूंनी ते केलं. पोत्यांत भरभरून, लंगडत, जिना उतरून-चढून. काळ्या डब्यात काचेवर काच आदळत होती आणि प्रत्येक आवाजाला त्या वर बघत होत्या. सगळं संपल्यावर टेबल पुसून त्या खुर्चीत बसल्या आणि वादळाची वाट पाहू लागल्या. काय सांगायचं, कशी समजूत काढायची, सगळं मनात जुळवून ठेवलं.

काका उठले. बाहेर आले. रिकाम्या कट्ट्यावरून, रिकाम्या टेबलावरून त्यांची नजर फिरली आणि कुठेच अडली नाही. ते खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. चहा दिला, प्यायले. कप धुवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मुद्दाम दुधाची पिशवी ओट्यावर तशीच ठेवली. ती दिवसभर तिथेच पडून राहिली, माशा बसू लागल्या. म्हणजे हे आधीच संपलं होतं की काय? मग इतके दिवस आपण कोणासाठी हे सांभाळत होतो? की आपणच काल-परवा ते ओढून नेलं, पोत्यात घालून, आणि त्याबरोबर माणूसही गेला? काकूंना काही उमगेना. विचारायला कोणी नव्हतं. ज्याला विचारायचं तो समोर बसला होता.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी फडताळातली बरणी रिकामी केली, आतली साखर वाटीत ओतली. बरणी स्वतः धुतली, काका धुवायचे तशी, तळाशी बोट फिरवून. पुसली. आणि काकांच्या पुढ्यात ठेवली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “लेबल राहिलंय थोडं. तेवढं काढून द्या.”

काकांनी बरणीकडे पाहिलं. एका बोटाने ती हळूच दूर सरकवली. परक्याच्या घरी गेल्यावर कशाला हात लावू नये, तशा अदबीने.

“कोणाची आहे?” त्यांनी विचारलं. “त्यांना देऊन या.”

 काकू उठल्या, भाजीच्या सालांची पिशवी उघडली, बरणी तिच्यात टाकली आणि पिशवीला गाठ मारून खाली काळ्या डब्याकडे गेल्या.